इथवर आले

रेवनाथचा फोन पावणेचारला :
"मॅडम, काटा बोलून नाही राहिला.
सतरा गाड्या उभ्या हायेत गेटबाहेर,
लोकं शेकोटी करून बसले."

स्कुटीच्या उजेडात गिरडचा रस्ता,
दोन्ही बाजूंना पऱ्हाटी,
वेचून झालेल्या बोंडांचे रिते पंजे.
जिनिंगच्या ऑफिसात सरकीचा वास
आणि पडद्यावर एकच वाक्य :
डिस्कवर जागा नाही.

जागा कोणी खाल्ली?
मीच.

तीन वर्षांपूर्वी वजन मधूनच हलायचं, चाळीस किलोनं.
तो दोष शोधताना
कोडच्या दर वळणावर मी खूण टाकत गेले,
मोहाला जाणारी बाई फांदी मोडत जाते तशी :
इथवर आले.
वजन वाचलं.
परत वाचलं.
इथवर आले.
इथं तरी आले का?

दोष सापडला नाही. आपोआप थांबला.
खुणा तशाच ठेवून मी घरी गेले,
दिवाळी होती.

तेव्हापासून सेकंदाला पाच वेळा
लॉगमध्ये माझंच बोलणं पडत होतं.
गेट बंद असताना.
भर आषाढात, जिनिंगला कुलूप असताना.
काट्यावरून मांजर गेली तरी.
कोट्यवधी ओळी, आणि एकीतही
कोणी कुठं पोचलं नव्हतं.

सगळं पुसायला एक कमांड पुरते.
बोट एंटरवर होतं. रेवनाथ म्हणाला,
"पाहून तर घ्या थोडं.
सरकीच्या ढिगात आमी बी हात घालून पाहतो,
रुई तर नाही चालली."

मला राग आला. बाहेर कोणी हॉर्न वाजवत होतं.
तरी माझी प्रत्येक खूण गाळून शोधलं.

उरल्या एकशे बारा ओळी.
एकशे बाराही एकच :
सेन्सर तीन उत्तर देत नाही.
सगळ्या डिसेंबरपासूनच्या,
सगळ्या पहाटेच्या,
चार ते सहा, थंडी कडक असते तेव्हाच्या.

कवडू भोयर दोनदा सांगून गेला होता,
"पहाटच्या गाडीचं माप कमी भरते."
आम्ही त्याला पडद्यावरचा आकडा दाखवला होता.
दुसऱ्यांदा तर मी खुर्चीतून उठलेही नव्हते.

त्या ओळी पेन ड्राइव्हवर घेतल्या,
बाकीचं पुसलं. चार सेकंद लागले.
मग शेकोटीवरचे चार जण बोलावले
आणि काट्याच्या एकेका कोपऱ्यावर उभे केले.
पहिला कोपरा : दोनशे चाळीस.
दुसरा : दोनशे चाळीस.
तिसरा : शून्य.

चार माणसं, डोक्याला मफलर,
एकाच्या हातात विझत आलेली बिडी,
आणि वजन शून्य.
"आमी हावो ना इथं!" एक जण ओरडला.
सगळे हसले.
कवडू नाही हसला.
चौथा कोपरा मोजायचा राहूनच गेला.

उजाडेस्तोवर एवढंच केलं :
माझ्या खुणा बंद, इशारे तेवढे चालू.
लॉग सात दिवसांचा, आठव्या दिवशी जुना जाईल.
आणि एक ओळ नवी :
चारपैकी एकही सेन्सर गप्प असेल
तर पावती छापू नको.

आता पडद्यावर काहीच हलत नाही.
रेवनाथ दर दोन मिनिटांनी विचारतो,
"चालू हाये ना?"
चालू आहे, मी म्हणते,
आणि तो वळला की स्वतःच तपासते.

मालक आठला येतील.
सतरा गाड्या दुसऱ्या काट्याकडे वळल्या,
एक नाही वळली.
कवडू आत आला,
चपला बाहेर काढून, जणू देवळात,
समोरचं स्टूल ओढून बसला.

"त्या एकशे बारात
माह्या किती?"

मी पावत्यांची फाइल उघडली.
मोजते आहे.