आधी पत्र्याला विचार

फाउस्तीनो कुरिकेओने प्लग काढून
माझ्या तळहातावर ठेवला, दंतवैद्य दात ठेवतो तसा.
"तिसरा सिलिंडर संपलाय," म्हणाला.
"बाकीचे तीन त्याचं ओझं वाहतायत, भिडेखातर."

अठ्ठ्याहत्तर सालची पूजो पाचशेचार. रंग, कागदोपत्री, बदामी.
बावीस वर्षं हिच्यातून मी लोकर तपासत हिंडले,
एस्केलहून तेका, तेकाहून खाली,
खडीच्या रस्त्याने, पश्चिमेचा वारा दार ओढत असताना.
माझं कामच प्रतवारीचं:
मेंढीच्या खांद्यावरची बट दोन्ही हातांत ताणायची,
कानाशी नेऊन टिचकी मारायची,
तुटली तर खालच्या राशीत. दुसरा विचार नाही.
आणि आता एका गाडीपुढे तीन आठवडे उभी आहे.

हिशेब वीजबिलाच्या पाठीवर:
डिझेल इंजिन, वापरलेलं, गिअरबॉक्ससह.
पुढच्या स्प्रिंगा, कारण ते जड.
रेडिएटर. रबरी बैठकी.
इंजिनाचा नंबर बदलायला नोंदणी कचेरीत दोन खेटे,
तिथली बाई अकराला उठते ती साडेबाराला येते.
मजुरी विचारली की फाउस्तीनो आभाळाकडे बघतो.
बेरीज गाडीच्या किमतीच्या अडीच पट.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
आणि कोंबडी म्हातारी.

भाचा ग्विलिम, ट्रेलेऊहून, फोनवर:
"भंगारात दे आत्या. त्या पैशात तुला एसीवाली येईल."
एसी. पातागोनियात.
त्याच बटणाने गरम हवाही येते, हे तो बोलला नाही
आणि मीही विचारलं नाही, मुद्दाम.

शेडमागे ते इंजिन
लाकडी ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलेलं.
तेकाच्या वळणावर उलटलेल्या टॅक्सीचं.
"माणसं?"
"वाचली. ड्रायव्हर आता बेकरीत असतो."
डबड्यातून डिझेल, बादलीतून पाण्याची नळी,
बॅटरीच्या दोन तारा.
आधी खोकलं, मग लागलं.
चाकं नाहीत, सीट नाही, कुठे जायचं नाही,
आणि तरी चालू.
त्याच्या उबेला कुत्रं येऊन बसलं.
मी हात ठेवला. कंप कोपरापर्यंत आला.
चांगली प्रत, बोटांनी लगेच सांगितलं.
बोटांना बेरीज येत नाही.

"इंजिनं मिळतात," फाउस्तीनो म्हणाला,
"आधी पत्र्याला विचार."
गाडी जॅकवर चढवली. स्क्रूड्रायव्हर मला दिला, टॉर्च त्याने धरला.
मी उताणी पडून टोचत गेले.
पुढचे दांडे टणक. स्प्रिंगांचे कप टणक.
दाराखालची पट्टी: खपली उडाली, आत लोखंड.
मग एका जागी, मुठीपर्यंत, आरपार.
बाहेर येऊन दार उघडलं
तर स्क्रूड्रायव्हरचं टोक
अॅक्सिलरेटरखाली उभं,
बरोबर माझी उजवी टाच टेकते तिथे.

बाहेरून काही आलं नव्हतं.
बुटांवरचा बर्फ, बावीस हिवाळ्यांचा,
मीच आत आणलेला.

फाउस्तीनो हसला नाही.
"तळहाताएवढा पत्रा. एका दुपारचं वेल्डिंग.
बाकी अंग खणखणीत आहे. तुझं काय?"
गुडघा, म्हटलं मी. डावा.
"मग हा क्लच जड जाईल."
हे वीजबिलाच्या पाठीवर नव्हतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मागे ते इंजिन तसंच चालू होतं,
बंद करायला दोघांतलं कोणी जाईना.

मग मी आगाऊ रक्कम मोजली, लोकरीच्या पैशांतली,
अर्धीच, दोन्हीकडे पळवाट राहील एवढी.
म्हटलं, "जुनं उतरवशील
त्या दिवशी मला बोलावू नकोस."
त्याने पाटीवर खडूने लिहिलं: गुरुवार.
मी दारापर्यंत गेले. वळले.
"किती वाजता?"