शेरा

बँकेनं पाठवलं म्हणून गेलो.
माझं काम सरळ आहे : टेप धरायचा,
लांबी गुणिले रुंदी, वयाप्रमाणे घसारा,
शेवटी एक आकडा, आकड्याखाली सही.
तेवीस वर्षं कोल्हापूरच्या भिंती अशाच मोजल्यात,
शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारींपासून
शिरोलीच्या फौंड्र्यांपर्यंत.

बाबगोंडा चौगुल्यांचं ऑफिस उद्यमनगरात, मागच्या गल्लीत.
चार मजले. मधोमध भोक.
भोकात करंज.

"साडेसहाशे फूट गेले बघा," चौगुले म्हणाले,
"दर मजल्याला. त्या मुजावरबाईंनी घालवले.
आर्किटेक्ट कसल्या, हट्टी बाई.
म्हणाल्या, आधी खिद्रापूरला जाऊन या,
स्वर्गमंडपात उभं राहून वर बघा, मग भांडा.
गेलो. वर बघितलं.
छत पाहिजे तिथं आभाळ, गोल कापून बसवलेलं.
भांडायचं राहूनच गेलं."

मी लिहिलं : मोकळी जागा, वजा.

पश्चिमेला जांभ्याची जाळी.
भिंतीत उभी नळकांडी, पन्हाळ्याच्या उतारावरची वारुळं
तासन्‌तास बघून काढलेली म्हणे :
तापलेली हवा वर निघून जाते,
खालच्या हौदावरून गार हवा आत येते, न विचारता.
एसी आहे एक. त्यावर बुलबुलानं घर केलंय.
म्हणून लावत नाहीत, असं एकजण म्हणाला.
लागतोय कुठं, असं दुसरा.

हिशेबाला सुलक्षणा नेजकर.
"जुन्या जागेत दुपारी तीनला
डोळ्यांत मोल्डिंगची वाळू गेल्यासारखं व्हायचं,
आणि मी तर फौंड्रीत पाऊलही टाकलं नव्हतं.
आता ऊन फिरतं. साडेअकराला व्हाउचरवर,
दोनला पाण्याच्या तांब्यावर,
चारला दादूमामांच्या टकलावर. म्हणजे चहा."
रजेचं रजिस्टर पुढं सरकवलं तिनं.
आजारपणाची गेल्या साली दोन पानं, यंदा अर्धं.
"हे कुठल्या रकान्यात घालणार, साहेब?"

रकाने मला पाठ आहेत.
लिफ्ट. पार्किंग. रस्त्याची रुंदी. फरशीचा प्रकार.
सावलीला रकाना नाही.
तिसऱ्या मजल्यावरचा बियाणंवाला
फोनवर बोलायला रोज खाली करंजाशी येतो;
दोनदा भाडं वाढवलं तरी हलत नाही.
त्यालाही नाही.

दादू कुंभार खराटा घेऊन उभा होता.
"आरोग्य त्यांचं," तो म्हणाला, "पानगळ माझी.
पन्हळी तुंबत्यात, हौदात बेडूक हाय,
त्यो रात्रभर वरडतोय. लिवा की हे बी."
खरं होतं. मी वहीच्या कडेला लिहून घेतलं.

मग कट्ट्यावर बसलो. बेरीज करायला, दुसरं काही नाही.
वरून एक शेंग पडली, कागदावर,
नेमकी 'एकूण' या शब्दावर.
कितीतरी वेळानं ध्यानात आलं
की मघापासून खोकलो नाही.
खोकला माझा जुना सोबती, नऊ वर्षांचा,
तोही कुठं हिंडायला गेला होता कोण जाणे.

आकडा नियमानंच काढला.
नियमाबाहेर जायला माझ्या सहीला परवानगी नाही.
पण तळाला 'शेरा' म्हणून दोन ओळी रिकाम्या असतात,
तिथं मी आजवर 'निरंक' लिहीत आलो.
या वेळी लिहिलं :
झाड एक, जिवंत. वय विचारायचं राहिलं.
वजा केलेली जागा वापरात आहे.

बँकेतून फोन आला. हे काय आहे, म्हणाले.
मी म्हटलं, जागेवर जाऊन या. मग भांडा.

संध्याकाळी माझ्या ऑफिसात थांबलो,
लक्ष्मीपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, ट्यूबलाइटखाली.
फायलींचं लोखंडी कपाट दीड फूट सरकवलं.
फरशीवर ओरखडा उठला, मालक ओरडणार.
मागं खिडकी आहे हे माहीत होतं मला.
उघडते, हे नव्हतं.