भरतकाम

हॅलिफॅक्स. टेकडीवरची शेवटची बस गेली की
मिसेस थॅकरी अंघोळीला निघतात.
पलंगाच्या वर, चौकटीत, त्यांच्या आईचं भरतकाम:
जो स्वतःला मदत करतो, देव त्यालाच.
म्हणून माझा हात नको.
कठडा धरून, कुरकुरत्या गुडघ्यांनी, एकट्याच.

"बायबलात आहे ते," म्हणतात. "बघ हवं तर."

बघितलं. सोळा रात्रपाळ्या,
आजोबांचं जालन्याहून आणलेलं जाड मराठी पुस्तक,
पानांना अजून कापराचा वास.
नीतिसूत्रं दोनदा. पत्रं सगळी.
कुठेच नाही.

सापडला तो तळ्याकाठचा माणूस,
अडतीस वर्षं आजारी,
तक्रार एवढीच, की
पाण्यात उतरवायला आपलं कुणी नाही.
त्याला कुणी विचारलं नाही,
तू काय प्रयत्न केलेस.

सांगितलं त्यांना. बराच वेळ गप्प.
मग, "माझी आई खोटं टाचणारी बाई नव्हती.
नीट शोध. तू घाईत वाचतेस."

चौकट आहे तिथेच. काच मीच पुसते.
शेवटच्या अक्षराचा निळा धागा सुटलाय.

काल मात्र टबाच्या काठाशी
कोपर जरासं पुढे आलं,
तोंड भिंतीकडेच,
"पाणी फार कढत नाही ना, शालिनी?"