नुसतं दिसतं

उपवनच्या पायऱ्यांवर सहाला भेटायचं ठरलं होतं.
वैती दहा मिनिटं आधीच उभे,
पायात कंपनीचेच जुने सेफ्टी शूज,
हातात छत्री. मार्च महिन्यात.
"कुत्र्यांसाठी," म्हणाले.

तळ्यात कुणीतरी रात्री निर्माल्य सोडलेलं.
झेंडू भिजून जड झाला होता, तरी बुडत नव्हता.
उजाडता उजाडता पाण्यात येऊरचा डोंगर उलटा उतरला
आणि त्याच्या माथ्यावरून, काठाशी, एक बगळा चालत गेला.
आमच्याआधी पोहोचला.

सव्वीस वर्षं एकाच शेडमध्ये होतो आम्ही, वागळे इस्टेटला.
मी वरच्या मजल्यावर ट्रेसिंग करायची,
ते खाली गिअर कापायचे.
माझी रेघ कुठे जाड झाली
की जिन्यावरून कागद परत यायचा,
कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं :
"बाई, दात कुठून धरू? रेघेच्या आतून की बाहेरून?"
मी लिहायची, "आतून."
सव्वीस वर्षांत एवढंच बोलणं.

फाटकावर वहीत नाव लिहावं लागतं.
'कशासाठी' या रकान्यात त्यांनी लिहिलं : वर.
त्याखाली मी : वरीलप्रमाणे.

डांबर संपलं.
कौशीला पान नव्हतं एकही, नुसती केशरी फुलं,
आणि पायाखाली सागाचा पाचोळा असा वाजत होता
की या वाटेने कुणाला चोरून जाता येणार नाही.
तिसऱ्या वळणावर वैती छत्री टेकून थांबले.
"दम नाही लागला. माप घेतोय."
मीही घेतलं, झाडाला धरून.
समोर पाटी :
बिबट्याचा वावर आहे, एकट्याने फिरू नये.
"आपण दोघं आहोत," ते म्हणाले
आणि भलतंच काही बोलून गेल्यासारखे
पाटीचा खिळा तपासू लागले.

पाड्यावरून एक बाई उतरत होती,
खांद्यावर शाळेचं दप्तर, दप्तराचा मालक बराच मागे.
विचारलं, वर काय आहे हो?
"काय नाय वर," ती म्हणाली, "नुसतं दिसतं."
आणि मागे वळून पोराला हाक मारली.

शेवटचा खडक हाताने चढायचा.
वैतींनी हात दिला नाही,
छत्रीची मूठ पुढे केली.
मी धरली.

आणि खरंच, नुसतं दिसत होतं.
टॉवर, टॉवरच्या मागे टॉवर,
त्यांच्या फटीतून खाडीची एक पट्टी, घासून पुसल्यासारखी,
पलीकडे पारसिकचा डोंगर आणि त्यावर निम्मा सूर्य.
निघालो ते तळं खाली, बशीत उरलेल्या चहाएवढं.
"आपली शेड?"
मी बोट केलं.
"छे, तिथे साबणवाले होते."
त्यांनी छत्रीने दाखवली.
आम्ही भांडलो. खरं सांगते, नीट भांडलो,
आवाज चढवून, रस्ते मोजत, वडाचं झाड साक्षीला काढून,
ते झाडही कुणाला सापडेना.
दोन इमारतींचा फरक राहिला.
टॉलरन्सच्या बाहेर.

साडेसात झाले.
दोघांच्या माना एकदम वळल्या,
पहिल्या पाळीचा भोंगा व्हायला हवा होता.
खूप वेळ झाला नाही.
एक तांबट मात्र कुठेतरी ठोकत बसला होता,
ठक ठक ठक,
अजून कामावर असल्यासारखा.

वैतींनी डबा उघडला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
"तुम्ही खाता का?"
खाते. नेहमीच खायची.
वरच्या मजल्यावर कुणी विचारलं नाही, एवढंच.

मग ऊन आलं, सरळ तोंडावर.
त्यांनी छत्री उघडली
आणि धरली
ना त्यांच्यावर ना माझ्यावर, बरोब्बर मध्ये,
दोघांचाही एकेक खांदा उन्हात.