सात नंबर

बँकेने भंगारात काढलेली सोळा खोकी
सीताबर्डीहून छोट्या हत्तीत घालून आणली,
किलोच्या भावात.
एकाच्या पोटात पालीची अंडी निघाली,
एकावर अजून चिकटलेलं होतं:
कॅश काउंटर ३, कृपया रांगेत यावे.

रॅक घ्यायला पैसे नव्हते.
लॅबचे हेडाऊ काका गोळीबार चौकात गेले
आणि कुणाच्या तरी बंद मागाच्या पट्ट्या
सायकलला आडव्या बांधून परत आले.
निळ्या केबली त्यांनीच ओढल्या,
एकीलाही पीळ पडू न देता.
कूलर लावला तर म्हणाले,
"पाणी बंद ठेव पोरी, यायले दमा होईन."
बाहेर सेहेचाळीस.

प्रश्न साधा होता: कोराडीच्या धुराड्यातली राख
वारा फिरला की कुणाच्या गच्चीवर उतरते?
शहर सोळा चौकोनांत कापलं.
याला जरीपटका, त्याला कामठी,
एकाच्या वाट्याला नुसतं अंबाझरीचं पाणी.
दर पावलाला शेजाऱ्याला विचारायचं,
तुझ्या कडेशी किती आली?
उत्तर येईस्तोवर
पाय उचलायचा नाही.

तिसऱ्या रात्री सगळंच रेंगाळलं.
मी नोंदी चाळत बसले, ओळीमागून ओळ.
काका डबा आवरता आवरता थांबले,
मान जराशी कलती करून:
"सात नंबर धागा तोडून राहिला."

उघडला. पंख्यात
नोटांच्या धुळीचा घट्ट बोळा.
पंधरा जण त्या एकासाठी
मुकाट उभे होते, रांगेत.
काकांनी शिलाई मशीनचं तेल दिलं, दोन थेंब.
हे तेल त्यांच्या खिशात का असतं,
मी विचारलं नाही.

पहाटे साडेचारला नकाशा आला.
करड्या रंगाची एक जीभ
वस्त्यांवरून पूर्वेकडे गेलेली.
मग उगाचच मी कागदावर मांडलं
की या सोळा जणांनी तीन रात्रींत
किती कोळसा खाल्ला असेल.
तेवढी राख
आमच्या हिशेबात धरलेली नव्हती.

काकांनी टेबल पुसलं,
फडकं खिडकीबाहेर झटकलं,
आणि ती कुठे जाते
ते बघत उभे राहिले.