प्रश्न क्रमांक सतरा

लेहतेबाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात
तार्तू विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीतून
मी चौदा खोकी खाली आणली. लिफ्ट बंद.
जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाई म्हणत, "हे जरा जपून."
चौदाही वेळा.

एकतीस वर्षं, एकच प्रश्नावली.
दर चार वर्षांनी नार्वा, सरहद्दीवरची नदी,
पलीकडे दुसऱ्या देशाचा किल्ला,
अलीकडे तीच पाच मजली इमारत, तेच दार,
आणि शाळेत नाइलाजानं शिकलेल्या रशियनमध्ये
प्रश्न क्रमांक सतरा:
हा देश तुम्हाला किती आपला वाटतो?
एक ते दहा, आकडा सांगा.

झिनाइदा पावलोव्ना. सूतगिरणीत रात्रपाळी.
करडा पासपोर्ट, म्हणजे कुठल्याच देशाची नाही.
पहिल्यांदा म्हणाली, चार.
गिरणी बंद पडली तेव्हा, दोन.
नातवाला लाल पासपोर्ट मिळाला तेव्हा, सात.
एका खेपेला आकडाच नाही,
रकान्यात बाईंचं बारीक अक्षर:
'खारवलेल्या काकड्या दिल्या. जेवल्याशिवाय निघू देईना.'
संगणकानं त्याची नोंद केली: उत्तर नाही.

त्यावर तीन पुस्तकं झाली.
झिनाइदा त्यांत 'उत्तरदाती क' आहे,
बहुतेक तळटिपांत.

शेवटच्या खेपेला मी सोबत होते.
बाईंनी प्रश्न वाचला. तिनं गॅस बारीक केला,
कानातलं यंत्र नीट बसवलं.
"तीस वर्षं मलाच विचारतेस. तुझा आकडा किती?"

बाई, ज्यांनी परदेशांतल्या सभागृहांत
नागरिकत्वाच्या व्याख्या फळ्यावर लिहून पुसल्या,
चाचरल्या.
"आठ." मग, "नाही. सहा."

"बघ," झिनाइदा म्हणाली,
"आणि तुला तर संसदेसाठी मत देता येतं."
मग दोघी इतक्या हसल्या
की माझं पेन उघडंच राहिलं.
तिचा आकडा लिहायचा राहून गेला.

चौदावं खोकं सगळ्यात जड.
मला वाटलं, हस्तलिखितं.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
काचेच्या सात रिकाम्या बरण्या,
झाकणांना अजून शेपूचा वास.

"परत करायच्या राहिल्यात," बाई म्हणाल्या.
खोकं गाडीत ठेवू दिलं नाही.
नार्वाची बस पावणेतीनला असते.