सुधारित अंदाजपत्रक

खानापूरच्या उपविभागात एकतीस वर्षं मी टंकलेखक होतो.
टेबलावर दोन यंत्रं, एक कानडी, एक इंग्रजी.
मराठी फक्त तोंडात,
आणि जेवणाच्या डब्यावर खिळ्यानं कोरलेल्या नावात.

गवसाळीच्या कालव्याचं पहिलं अंदाजपत्रक मीच छापलं.
पाच प्रती, चार कार्बन,
बेचाळीस कोटी, अंकी आणि अक्षरी.
पाचव्या प्रतीवर आकडे इतके पुसट उमटले
की साहेब म्हणाले, असू दे, ती कोण वाचतंय.
ती जंगल खात्याची प्रत होती.

मग सिमेंट वाढलं, लोखंड वाढलं.
मुरूम लागेल म्हटलं तिथं काळा फत्तर लागला,
फत्तर लागेल म्हटलं तिथं कोर्टाची तारीख.
एकशे दहा. एकशे नव्वद. तीनशे सव्वीस.
इंग्रजी यंत्राचा शून्य घासून बसला,
मी त्याच्या जागी कॅपिटल ओ मारत गेलो.
तेही मंजूर झालं.

एक रकाना तेवढा प्रत्येक वेळी जसाच्या तसा उतरवायचो:
झाडे, अकराशे चाळीस.

पगाराची पाकिटं घेऊन एकदा जीपमधून वर गेलो होतो.
ऐनाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगात नंबर होता, २९०६.
बुंधा गुडघ्याएवढा.
त्याच्यावर बसूनच मी पाकिटं वाटली,
सह्या, अंगठे,
आणि परत येताना पँटला लागलेला चीक
बायकोनं दोनदा रॉकेलनं काढला.

लुमाण्णा घाडी पहिल्या सर्व्हेपासून रोजंदारीवर.
लाल-पांढरी काठी धरून
तो आपल्याच गावच्या झऱ्यात उभा राहिला होता, घोट्याएवढ्या पाण्यात.
दुर्बिणीमागून कुणी ओरडत होतं, हलू नको, हलू नको,
आणि त्याच्या बोटांवरून खेकडे चालले होते.
आठ वर्षांनी बोगद्याचं डबर तिथंच ओतलं,
वाहतुकीचं अंतर वाचलं म्हणून.
(बिलात मात्र अंतर पूर्ण लागलं, ते पान मीच छापलंय.)

तो ऑफिसात आला. चपला बाहेर काढून आला.
"सायेब, आमचा झरा कुठल्या कालमात लिवलासा?"
मी पानं चाळली. खरंच चाळली.
खोदाई. भराव. सुरुंग. मजूर-निवाऱ्याचे पत्रे.
पान चौतीसवर एक ओळ होती:
कामात अडथळा आणणारे पाणी उपसणे, पंपासह, दर तासी.
तोच असणार.
मी फाईल मिटली आणि त्याला चहा सांगितला.

पाचव्या सुधारणेत, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात,
झरा पुन्हा भेटला.
गवसाळी व दोन वाड्यांना टँकरने पिण्याचे पाणी, तात्पुरती सोय,
वर्षाला सदुसष्ट लाख, अनपेक्षित खर्च या सदराखाली.
तेव्हा कळलं, जे फुकट वाहत होतं
ते एकही थेंब न हलता
बेरजेत येऊन बसलंय.
माझी बोटं थांबली थोडी. मग चालली.

आमच्याकडं पाट्यांच्या अक्षरांवरून डोकी फुटतात,
डांबर फासलं जातं, बंद पुकारला जातो.
पण अंदाज कानडीतही अंदाजच,
मंजूर तिकडंही मंजूर.
गुत्तेदारानं भाषांतर कधी मागितलं नाही.

परवा बाजारात लुमाण्णा दिसला.
आता टँकरवर असतो, पाईप धरून उभा राहायचं काम.
हात तसेच, सरळ, न हलणारे.
म्हटलं, काय रे, झाला का कालवा?
त्यानं पाईपच्या तोंडाला चिंधी कोंबली,
घागरींची रांग पाहिली,
आणि दोन्ही भाषांत चालेल असा एकच शब्द बोलला:
बाकी.